बाटल्या बाजूला ठेवा, आधी पेंढी तोला

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. वरातीच्या धंद्यासाठी डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून नुकरा (पांढरी) घोडी आणली. वय सात, उंची ५८ इंच. आणली तेव्हा पुठ्ठा (मागचा भाग) गोल होता, अंगावर हात ठरत नव्हता. आता चार महिन्यांत लांबून बरगड्या मोजता येतात. सकाळी दोन किलो आणि संध्याकाळी दोन किलो चणा (कोरडा मोजून मग भिजवतो), दिवसाला दोन किलो गव्हाचा कोंडा, पाव किलो गूळ आणि कडब्याच्या दोन पेंढ्या. शिवाय लिव्हर टॉनिक, कॅल्शियमची बाटली आणि एक परदेशी पावडर. महिन्याला साडेतीन हजार नुसते औषधांचे. अजून कोणतं सप्लिमेंट चालू करू?
— एक वाचक, राहाता तालुका

उत्तर : पत्र वाचून मी तुम्हाला फोन केला आणि एकच काम सांगितलं. पेंढ्या तोला, आणि सकाळी गव्हाणीत उरलेले धांडेही तोला. तुम्ही कळवलंत : दोन पेंढ्या मिळून तीन किलो, उरलेले धांडे सव्वा किलो. घोडीच्या पोटात दिवसभरात वैरण गेली ती पावणेदोन किलो! साडेतीन हजारांच्या बाटल्यांखाली हा आकडा झाकला गेला होता.

आता टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. तुम्ही दिलेला घेर १६० आणि लांबी १४५, म्हणजे वजन साधारण ३१२ किलो. या उंचीच्या घोडीचं साडेतीनशेच्या वर असायला हवं. हिशेब काट्यासारखा अचूक नसतो, पण दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच माणसाने मोजलं की वजन कुठे चाललंय ते कळतं. डोळ्यावर विसंबू नका. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

घोड्याला वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडं खाणं रोज लागतं आणि त्यातला मोठा वाटा वैरणीचा हवा. तुमच्याकडे गणित उलटं झालंय. चंदी (धान्याचा खुराक) जास्त, वैरण नावाला. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान. एका वेळी दोन किलो चणा पडला की त्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, तो मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. लीद सैल होते, आंबूस वास येतो, कधी पोटशूळ उठतो. तुम्ही लिहिलं नाहीत, पण फोनवर विचारलं तेव्हा म्हणालात, ‘हो, लीद जरा पातळच असते.’

वैरणीआधी तोंड बघायचं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी शहाद्याकडे एका टांगेवाल्याच्या रोडावलेल्या घोडीला मी दोन महिने टॉनिकं दिली, इंजेक्शनं दिली. काही फरक नाही. एक दिवस म्हातारा नालबंद काही न बोलता गव्हाणीत वाकला आणि लिंबाएवढा ओला, चघळलेला वैरणीचा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. घोडी चावायची, पण गिळायची नाही. तोंडातून टाकून द्यायची. घोड्याच्या दाढा आयुष्यभर थोड्या थोड्या वर सरकत असतात. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड वस्तऱ्यासारखी होते, गाल आणि जीभ कापली जाते. कानशीने दाढा घासल्या, पुढच्या दोन महिन्यांत घोडी भरली. तेव्हापासून रोड घोडा समोर आला की मी आधी गव्हाणीत हात घालतो. तुम्हीही घाला. गोळे सापडले किंवा लिदेत अख्खे चणे दिसले, तर दाढा घासण्याची सवय असलेला पशुवैद्य गाठा. वर्षातून एकदा दाढा बघून घ्यायला हव्यातच.

त्याच वेळी दोन मुठी ताजी लीद बादलीभर पाण्यात कालवून तासभर ठेवा. तळाशी वाळू बसली तर घोडी जमिनीवरून खाते आहे, गव्हाण उंच करा. थोडी लीद दवाखान्यात जंत तपासायला द्या. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून वरचा हिशेब तिथेही उपयोगी. आणि विकणाऱ्याने घोडी गाभण असल्याचं लपवलेलं नाही ना, ते औषधाआधी तपासून घ्या.

हे झालं की खाणं. दोन किलो कडबा जाडसर कुट्टी करून, तीन किलो वाळलेलं डोंगरी गवत आणि सहा किलो हिरवी लसूणघास, सगळं चार वेळांत वाटून. मोठा वाटा रात्री टाका, कारण तुमची घोडी रात्रभर रिकाम्या गव्हाणीपुढे उभी असते. हिरव्या घासात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे सहा किलोचा भारा बघून हुरळू नका. कापून ढीग लावलेला, आतून गरम झालेला घास मात्र देऊ नका. तुमच्या भागात उसाचं वाढं फुकट मिळतं, त्याने वैरणीची भर काढायचा मोह होईल. वाढ्यात आणि हत्तीगवतात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं.

कॅल्शियमवरून कोंडा आठवला. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो. महिनोन्‌महिने दोन-दोन किलो कोंडा दिला की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. चेहऱ्याची हाडं फुगतात, घोडा लंगडतो. तुम्ही एका हाताने कोंडा देताय आणि दुसऱ्या हाताने त्याचं नुकसान भरून काढायला बाटली विकत घेताय. कोंडा हळूहळू बंद करा. लसूणघासेत कॅल्शियम भरपूर असतं.

चणा आणि जव निम्मे निम्मे, दिवसाला दोन किलो कोरडं धान्य, तीन वेळांत. जव भरडून. वर तेल. सोयाबीन किंवा राईस ब्रान, जे ताजं मिळेल ते. दोन चमच्यांनी सुरू करून दोन आठवड्यांत २०० मिलिलिटरवर या. तेवढ्या तेलात साधारण अर्धा किलो धान्याची ऊर्जा असते, स्टार्चशिवाय. तेल वाढवलं की ई जीवनसत्त्वाची गरज वाढते. टॉनिकांच्या पैशातून घ्यायचंच असेल तर ते घ्या. साधं मीठ रोज ३० ग्रॅम, घाम गळेल त्या दिवशी दुप्पट. जवस द्यायचं असेल तर चांगलं उकळून, नुसतं भिजवून नाही. गूळ चिमूटभर ठेवा, तिला आवडतो म्हणून.

हा बदल एकदम करू नका. १० ते १४ दिवस घ्या. आणि वरात! तुम्ही म्हणालात, घोडीला चार वाजता सजवतो, मंडपापाशी नेतो, डीजे थांबेपर्यंत रात्रीचे बारा. इतके तास तोंडात काडी नाही. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं आणि लाळ सुटते ती फक्त चावताना. उपाशी उभा घोडा आतून भाजत असतो. सजवायच्या आधी अर्धा तास लसूणघास खाऊ घाला, आणि नवरदेवाचा फेटा बांधायचं चाललं असेल तेवढ्यात तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) मूठभर कुट्टी. यजमान हसतील, हसू द्या.

सारंगखेड्याला दिसलेला तो गोल पुठ्ठा बाजारासाठी चढवलेला होता, हेही लक्षात असू द्या. तिथे घोडी कामाला नव्हती. तुम्हाला हवी ती बरगडी दिसू नये पण हाताला लागावी, इतपत. घोडा किती रोड किंवा किती लठ्ठ, यासाठी टेक्सासच्या हेनेके यांनी १९८३ मध्ये १ ते ९ असे गुण ठरवले. तुमची घोडी आज ३ वर, तिला ५ वर आणायचं. अडीच-तीन महिने धरा. पंधरा दिवसांत टेप हललीच नाही, किंवा ताप येतो-जातो, पोटाखाली सूज दिसते, खाऊनही खंगते आहे असं वाटलं, तर रक्त तपासा. माश्यांमुळे होणारा सर्रा हा आजार असाच छुपा असतो.

प्रश्न : माथेरानला पर्यटकांसाठी घोडा चालवतो. पावसाळ्यात काम नसतं, घोडा खाली आणतो, खाणं मात्र तेच. मानेवर चरबीचा कणा उभा राहिलाय. चालेल का?
— एक घोडेवाले, नेरळ

उत्तर : नाही चालणार. काम बंद त्या दिवशी चंदी बंद. वजनाच्या दीड टक्का वाळलं गवत आणि मीठ पुरे, उपाशी मात्र ठेवू नका. पुढचे पाय पुढे ताणून, टाचांवर भार देऊन उभा राहिला किंवा खूर गरम लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. सीझनच्या तीन आठवडे आधी रोज थोडं चालवत चंदी पुन्हा चढवा.

प्रश्न : कोंबडीखाद्य स्वस्त पडतं, प्रोटीनही जास्त. घोड्याला दिलं तर?

उत्तर : देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याचं हृदय थोड्या मात्रेनेही बंद पडतं. एकाच पाटीने कोंबड्यांचं आणि घोड्याचं खाद्य काढत असाल, तर पाटीही वेगळी करा.