मलावीत पाण्याच्या कामासाठी जाणाऱ्या विद्यार्थिनीस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तुम्ही जून ते ऑगस्ट असे तीन महिने आफ्रिकेतील मलावी या देशातील ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणार आहात, सोबत थोडा निधी मिळाला आहे, त्यातून एखाद्या गावाला बोअरवेल करून द्यावी की केवळ सर्वेक्षण करावे, आणि निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी. मी स्वतः विद्यार्थी म्हणूनच तेथे प्रथम गेलो आणि पुढे कामानिमित्त अनेकदा राहिलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवी बोअरवेल करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. एका हापशामागे २५० माणसे हे तेथील सरकारी प्रमाण असून अनेक गावे त्यापासून दूर आहेत, हे मान्य. परंतु बसवलेले हापसे बंद पडून राहतात हा प्रश्न त्याहून लहान नाही. तुम्ही खोदवलेल्या बोअरवेलची पहिली मोठी दुरुस्ती निघेल तेव्हा तुम्ही तेथे नसाल, आणि तिचे सुटे भाग कोठून आणायचे, पैसे कोणी द्यायचे, हे गावालाच निस्तरावे लागेल. त्यापेक्षा एका मर्यादित भागातील आधीचे हापसे नेमके कशाने बंद पडतात हे शोधून ती माहिती दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती देणे, हे तीन महिन्यांत होण्याजोगे आणि मागे टिकणारे काम आहे.

त्यासाठी हापसा आतून समजून घ्यावा लागेल. मलावीत सर्वाधिक दिसतो तो ‘आफ्रिदेव’ हापसा, जो १९८० च्या दशकात केनिया आणि मलावी येथील प्रयोगांतून घडला. त्याआधीचा मजबूत आणि जगभर पसरलेला हापसा म्हणजे ‘इंडिया मार्क टू’, ज्याचे मूळ सोलापुरात बनणाऱ्या हापशात आहे, ही गोष्ट मला तेथे गेल्यावर कळली आणि तिचा फार आनंद झाला. इंडिया मार्क टूमध्ये अडचण एवढीच होती की खालचा दट्ट्या, म्हणजे वर-खाली होऊन पाणी वर ढकलणारा भाग, बदलायचा तर लोखंडी पाइपांची सगळी रांग वर ओढावी लागे, आणि त्यासाठी तिवई, साखळ्या व प्रशिक्षित माणसांची तुकडी लागे. आफ्रिदेवमध्ये पाइप पीव्हीसीचे असून ते जागेवरच राहतात. एका पान्याने वरचे झाकण उघडून, एकमेकांत अडकवलेल्या सळया काढत दट्ट्या आणि तळाची झडप त्या पाइपातूनच वर घेता येते. गावातल्या दोघीतिघींनी मिळून रबरी वॉशर बदलावा, हीच त्या रचनेमागची कल्पना होती. सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत तो चालतो. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एखाद्या ‘एरिया मेकॅनिक’बरोबर, म्हणजे आसपासच्या गावांचे हापसे दुरुस्त करणाऱ्या स्थानिक कारागिराबरोबर, असा एक हापसा संपूर्ण उघडून पाहा. माझ्या दृष्टीने हा आठवडा बाकीच्या सर्व वाचनाहून मोलाचा आहे.

‘नवे काहीतरी’ देण्याच्या मोहाबद्दल एक उदाहरण सांगतो. मुले चक्राकार पाळणा फिरवतील आणि त्यावर पंप चालून टाकीत पाणी चढेल, अशी ‘प्लेपंप’ नावाची योजना दक्षिण आफ्रिकेत निघाली. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली आणि २०१० पर्यंत असे ४,००० पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. ते मलावीतही आले, कित्येक ठिकाणी चालू असलेला आफ्रिदेव काढून त्याच्या जागी आले. मुले दिवसभर खेळत नाहीत, पाणी मात्र दिवसभर लागते. त्यामुळे तो जड पाळणा हातांनी ढकलत फिरवण्याचे काम बायकांवर आले, आणि बिघाड झाल्यावर गावातल्या कोणाला तो उघडताही येईना. काही वर्षांतच ती मोहीम गुंडाळली गेली. ज्यांना पाणी भरायचे होते त्यांना आधी कोणी विचारले असते, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते, याचे मला आजही वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येतो, कारण येथे माझ्या हातून झालेली चूक तुमच्याकडूनही होण्याचा संभव आहे. पहिल्या वर्षी मी जुलैमध्ये हापसे पाहिले, पाणी येते की नाही एवढेच नोंदवले आणि बहुतेकांपुढे ‘चालू’ असे लिहिले. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो. जून-जुलैमध्ये भूजल अजून बरे असते, मक्याची कापणी होऊन गेलेली असल्यामुळे घरात धान्य आणि हाती थोडा पैसा असतो, कच्चे रस्तेही कोरडे असतात. पाऊस लागण्याच्या तोंडावर त्याच भागात पुन्हा जाण्याची संधी मिळाली, तेव्हा मी ‘चालू’ लिहिलेल्या काही हापशांपाशी पहाटेच्या अंधारात बादल्यांची रांग होती आणि सूर्य वर येईपर्यंत हापसा कोरडा पडत होता. माझी नोंद खोटी नव्हती, परंतु ज्या महिन्यांत पाण्यासाठी बायकांचे खरे हाल होतात ते महिने तिच्यात नव्हतेच. परीक्षेनंतरच्या सुट्टीत जाणारा प्रत्येक विद्यार्थी असाच चांगला काळ पाहून येतो.

म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडा अधिक वेळ द्या. हापसा अर्धा तास वापराविना ठेवा आणि मग किती वेळा हापसल्यावर पाणी येते ते मोजा; फार वेळा हापसावे लागले तर तळाची झडप किंवा पाइप गळतो आहे, असे समजावे. नंतर वीस लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहा आणि सलग हापसत राहून तीच मोजणी पुन्हा करा. धार सुरुवातीपासूनच बारीक असेल तर बहुधा दट्ट्याचा वॉशर झिजलेला असतो. सुरुवातीला चांगली असलेली धार उतरत गेली तर दोष हापशाचा नसून बोअरवेलमधल्या पाण्याचा असण्याची शक्यता अधिक. पहिला दोष अल्प खर्चात सुटतो, दुसऱ्यावर कितीही वॉशर बदलले तरी काही होत नाही. त्याबरोबरच ऑक्टोबरमध्ये येथे किती वेळ पाणी मिळते, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. दक्षिणेकडील शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात, म्हणजे चिक्वावा आणि न्सान्जे या जिल्ह्यांत, काही बोअरवेलचे पाणी खारट आहे. तेथे हापसा उत्तम चालत असूनही लोक नदीवर जाताना दिसतील. २०२२-२३ च्या कॉलऱ्याच्या साथीत मलावीत १,७०० हून अधिक माणसे दगावली, हे ध्यानात घेतले म्हणजे लोक कोणत्या पाण्याकडे वळतात ही नोंद किती महत्त्वाची आहे ते लक्षात येईल.

यंत्राइतकाच पैशाचाही माग काढावा. प्रत्येक पाण्याच्या ठिकाणी एक समिती असते आणि तिने घरटी वर्गणी काढून दुरुस्तीचा निधी राखावा, अशी अपेक्षा असते. कागदावर ही व्यवस्था नेटकी दिसते. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या चलनाचे, क्वाचाचे, एकदम ४४ टक्के अवमूल्यन झाले. अशा वेळी एखाद्या समितीने दोन वर्षे प्रामाणिकपणे साठवलेली रक्कम, बाहेरून येणाऱ्या सुट्या भागासाठी अपुरी पडते. ‘समिती निष्क्रिय आहे’ असे लिहिण्यापूर्वी पेटीत किती पैसे होते, कोणता भाग हवा होता आणि तो जवळच्या बाजारपेठेत मिळत होता का, हे तिन्ही विचारून घ्या. लोकांच्या आळसावर ठपका ठेवणारे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी हे प्रश्न विचारलेले नसतात.

परवानगीचे काम आजच सुरू करा. संशोधनासाठी लिलाँग्वे येथील राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या व्यवस्थेतून नैतिक मान्यता, म्हणजे संशोधनात सहभागी लोकांचे हित जपले जाईल याची तपासणी करून दिलेली परवानगी, घ्यावी लागते आणि त्यास तुमच्या अंदाजापेक्षा अधिक वेळ लागू शकतो. तुमच्या विद्यापीठाची मान्यता तेथे पुरत नाही. त्यानंतर जिल्हा परिषदेचे पाणी कार्यालय, मग त्या भागाचे पारंपरिक प्रमुख आणि शेवटी गावचा म्फुमू, म्हणजे मुखिया, अशा क्रमाने भेटी घ्याव्यात. यातली एकही पायरी वगळू नये, कारण तुमच्यामागे तेथे राहणाऱ्या मेकॅनिकला आणि दुभाषाला त्याचा जाब द्यावा लागतो. प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी, आपल्या उत्तरांमुळे गावाला बोअरवेल मिळणार नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगा. हे सांगणे जड जाते, कारण समोरची बाई पाण्यासाठीच तुमच्याशी बोलायला बसलेली असते; तरीही ते सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. दुभाषी शक्यतो स्त्री असावी, कारण पाणी स्त्रियाच भरतात आणि मुखियासमोर जे त्या बोलत नाहीत ते हापशापाशी तुम्हा दोघींशी बोलतील.

प्रकृतीबद्दल थोडक्यात: मलेरियाचे प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या व मच्छरदाणी कधीही चुकवू नका, मलावी सरोवरात पोहल्यास शिस्टोसोमियासिस या परजीवी रोगाची लागण होऊ शकते, अंधार पडल्यावर रस्त्याने प्रवास टाळा.

तुमचा निधी मी असा खर्च केला असता: मेकॅनिक आणि दुभाषी यांना योग्य मेहनताना, ज्या हापशांना केवळ वॉशर किंवा झडप हवी आहे त्यांच्यासाठी मेकॅनिकच्या सल्ल्याने सुटे भाग, आणि राखून ठेवलेला एक हिस्सा, ज्यातून तोच मेकॅनिक ऑक्टोबरमध्ये त्याच हापशांची मोजणी पुन्हा करील. सर्व नोंदींची एक प्रत त्याच्याकडे आणि एक जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात, परतण्यापूर्वी समक्ष द्या.

जिल्हा निश्चित झाला की कळवा. मध्य आणि दक्षिण भागात चिचेवा चालते, तेव्हा ‘मुली ब्वांजी’ हे अभिवादन आणि ‘झिकोमो’ हे आभार आतापासून तोंडी बसवा. उत्तरेकडे जाणार असाल तर तुंबुका बोलणारी दुभाषी शोधावी लागेल, आणि तिचा शोध जूनपर्यंत थांबवून चालणार नाही.