इलेक्ट्रिक गिटार थेट कॉम्प्युटरच्या माइक सॉकेटमध्ये लावून रेकॉर्ड केली तर आवाज बोथट का येतो?

दोष गिटारचा नाही, सॉकेटचा. साध्या पिकअपला (तारांच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा गिटारवरचा भाग) साधारण १ मेगाओहम रोधाचं (इम्पिडन्सचं) इनपुट लागतं. माइक सॉकेटचा रोध त्यामानाने फारच कमी असतो, म्हणून आवाजातली धार तिथेच मरते. ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ (म्हणजे जास्त रोधाचं) इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण, घ्या. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) बेताचा ठेवा, जोरात वाजवूनही पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे.

आवाज उशिरा ऐकू येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला तो जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा होतो. विंडोजवर असिओ (ASIO, आवाजातला उशीर कमी करणारा) ड्रायव्हर वापरा.

रेकॉर्ड मात्र कोरा (इफेक्ट न लावलेला) सिग्नलच करा आणि डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा) अँप सिम्युलेटरमधून, म्हणजे अँप्लिफायरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून द्या, म्हणजे टोन नंतर कधीही बदलता येतो. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप गुणगुणत असेल तर खुर्ची थोडी वळवून बघा. हसू नका, खरंच फरक पडतो.