स्वतंत्रतावादी म्हणजे 'सरकारच नको' म्हणणारे का? मग कापूस, संत्र्याच्या शेतकऱ्यानं काय करायचं?

नाही. सरकारच नको म्हणणारे त्यांच्यात थोडे. बहुतेकांना पोलीस, न्यायालय आणि संरक्षण हवंच असतं. आक्षेप आहे तो सक्तीला: दोघं राजीखुशीनं सौदा करत असतील तर तिसऱ्यानं मध्ये का यावं?

विदर्भातलं उदाहरण कापूस एकाधिकार खरेदीचं. 1972 पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे. बाहेर भाव चढला की माल चोरवाटेनं सावनेरपुढची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात जायचा. भाव पडला की हमीभावासाठी सगळा कापूस सरकारी केंद्रावर, आणि तोटा तिजोरीच्या माथी. म्हणजे नफ्याच्या वर्षी माल नाही, तोट्याच्या वर्षी गोदाम फुल्ल! नियत कितीही चांगली असो, असा हिशोब जुळत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मांडलेली खुल्या बाजाराची बाजू याच अनुभवातून समजते.

उलट 2016 मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. आता काटोलचा बागायतदार संत्री नागपूरच्या कळमना बाजारात नेईल किंवा बांधावरच विकेल, मर्जी त्याची. मात्र बांधावर उधारी देताना लेखी पावती घ्याच. व्यापारी पळाला तर समिती मध्ये पडणार नाही.

हा विचार लंगडा पडतो तो प्रदूषणात. कोराडीच्या औष्णिक केंद्राची राख शेतात आली तर 'मालमत्तेचं नुकसान, कोर्टात जा' हे स्वतंत्रतावाद्यांचं उत्तर. पण नुकसान हजारोंचं, प्रत्येकाचं थोडं, आणि राख नेमकी कुठल्या चिमणीची हे सिद्ध कोण करणार? तिथं आधीच घातलेली उत्सर्जनाची मर्यादा जास्त कामाची, असं माझं मत.