लोळत पडा म्हणू नको

कॉलेजच्या रेडिओवर शनिवार-रविवार सकाळी ७ ते ९ चा शो मिळाला, दोन तास काय बोलू आणि वऱ्हाडी बोललो तर लोक हसतील का, असं विचारलंस भाऊ. मी पण यवतमाळ जिल्ह्यातलाच, खेड्यातल्या कॉलेजच्या रेडिओवर तीन वर्षं हेच केलं, म्हणून सांगून राहिलो.

भाषेचं आधी. शुद्ध बोलायला गेलास की आकाशवाणीची नक्कल होते आणि तीही धड जमत नाही. मी पहिले दोन महिने 'सुप्रभात श्रोतेहो' करायचो, तं घरी माझी आईच विचारे हा कोण बोलून राहिला. पण उगाच हसवायसाठी वऱ्हाडी ताणून बोललास तर त्याहून वाईट, आपली टिंगल चालू आहे हे लोकांना बरोबर समजते. घरी आजीशी बोलतो तसं बोल, बस.

खरी चूक मी दुसरीकडेच करत होतो. रविवार आपल्याला सुट्टीचा, ऐकणाऱ्याला नाही. शहरातल्या एफएमवर ऐकून मी पण म्हणायचो, आज रविवार, मस्त लोळत पडा, गाणी ऐका. एका काकूचा फोन आला, "बाबू, लोळत पडलो तं म्हैस कोन दोहीन, तू?" दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, बाया आठ-साडेआठला वावरात निघतात, त्याआधी पाणी, चूल, डबा, पोरांच्या वेण्या. त्यांचे हात कामात अन् कान मोकळे. मग शोच बदलला. आठपर्यंत भजनं आणि हवामान, लांब बोलणं नाही, दर दहा मिनिटांनी टाइम सांगायचा कारण घड्याळाकडे बघायला सवड नसते. भजनं पण आम्ही रेकॉर्ड करून आणलेली, आपल्याकडे गावोगाव तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारी खंजेरीवाली मंडळं आहेत, मोबाईल घेऊन जा, चहा पाजून पाठवतात. नाहीतरी आपल्यासारख्या कम्युनिटी रेडिओला निम्मा कार्यक्रम स्थानिक बनवलेला पाहिजे असा नियमच आहे. आठनंतर मात्र पोट्ट्यांचा टाइम, फोन घे, भरतीच्या तारखा सांग, ज्या गावचा बाजार त्या गावचं नाव घे.

नावावरून आठवलं, आपला ट्रान्समीटर ५० वॅटचा, रेंज दहा-बारा किलोमीटर, टेकडी आडवी आली तर तेवढीही नाही. 'तमाम महाराष्ट्र' म्हणशील तर महाराष्ट्र ऐकतच नाही, पण शेजारच्या गावचं नाव घेतलं की तिथला माणूस आवाज वाढवतो. आणि बऱ्याच मोबाईलवर इअरफोन लावल्याशिवाय एफएम पकडत नाही, ती वायरच अँटेना असते, म्हणजे तू एकेकाच्या कानातच बोलून राहिला. 'तुम्ही सगळे सगळे' असं ओरडू नको.

बातम्या स्वतःच्या वाचायच्या नाहीत, फक्त आकाशवाणीच्याच देता येतात. पुढारी आणि निवडणुकीच्या गप्पा पण नको, फोनवाला तिकडे वळला की प्रेमानं गाण्यावर ने. शोचं रेकॉर्डिंग तीन महिने ठेवावं लागते, डिलीट करू नको. फोन घेताना आधी म्हण, "काका, रेडिओ बारीक करा", नाहीतर असा कू निघतो की कान फुटतात.

आता माझी फजिती. एक काका फोनवर तुरीवरच्या अळीचं सांगत होते ते थांबेचनात, शेवटी कसंतरी गाणं लावलं आणि मित्राला म्हणालो, "चहा आण ना बे, म्हातारं काही सोडून नाही राहिलं." माइकचा फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करायची पट्टी, वरच होता. सगळं गाण्यावरून ऑन एअर गेलं. पुढच्या रविवारी सात वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन त्यांचाच, "चहा भेटला का रे?" मी लाइव्हच माफी मागितली, ते हसले अन् अळीचं राहिलेलं पूर्ण केलं, बारा मिनिटं. त्यानंतर फेडरवर लाल टेप लावला, गाणं सुरू झालं की आधी तो खाली, मग श्वास.

आणि शोच्या आदल्या रात्रीच दोन तासांची गाणी पेन ड्राइव्हवर भरून ठेव, कारण आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर चालतो की ट्रान्समीटर पण, हे आजच स्टेशनवर विचारून घे. आम्ही विचारलं नव्हतं, ट्रान्समीटर बंद अन् आम्ही वीस मिनिटं भिंतीशी बोलत बसलो होतो.