‘गनिमी कावा’मधला ‘कावा’ मूळचा संस्कृत की कन्नड?

दोन्ही नाही. फारसी.

या एका शब्दापायी आमचे मामा आणि मी वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हतो, म्हणून लिहायला बसलोय.

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मैदानातली माझी शेवटची कुस्ती. खडाखडी चाललेली. गोकाककडचा पोरगा अंगाला भिडेच ना, नुसता भोवती फिरत होता. मग त्यानं पटाची, म्हणजे पाय धरायची हूल दिली, मी खाली वाकलो, आणि पुढच्या क्षणी ढाकेच्या डावावर आभाळ दिसलं. हलगी त्याच्यासाठी वाजली. रात्री ताटावर मामा म्हणाले, “ह्यालाच कावा म्हणतात बघ. शब्द आमचाच की रे. कावलु म्हणजे राखण. राखण चुकवली की झाला कावा.” मामा कन्नड शाळेतले मास्तर. माझ्या कानात अजून माती होती. मी म्हटलं, “महाराजांचा कावा तुमचा कसा हो? शुद्ध संस्कृत आहे तो.” ठोकून दिलं झालं. ताट तसंच राहिलं.

पुढं कळलं ते असं. कावा म्हणजे घोड्याला गोल फेऱ्या घालायला लावणं. हिंदीत ‘कावा काटना’ याच अर्थानं आहे. स्वार सरळ अंगावर येत नाही, एका अंगाला जातोसं दाखवून दुसऱ्या अंगानं वळतो. फसवणुकीचा अर्थ तिथूनच आला असणार. त्यावरून कावेबाज. आणि ‘गनीम’ तर अरबी, फारसीतून आलेला. मोगल मराठ्यांनाच गनीम म्हणायचे! शत्रूनं ठेवलेलं नाव आपण मिशीला पीळ देऊन मिरवतो. तरी ज्या शब्दाचं ‘काव्यानं’ होतं तो मराठीच, असं माझं मत. (‘काव्यानं’ वाचून कविता आठवणाऱ्यांना नमस्कार.)

एक राहिलंच. हूल आणि कावा एक नव्हे. हूल क्षणाची असते, कावा आधी रचलेला असतो. म्हणजे माझ्यावर झाली ती नुसती हूल.

तेव्हा तुमच्याकडं कुणी ‘कावलु’ सांगत असेल तर ऐकू नका, मास्तर असला तरी. आणि मामा, तुम्ही वाचत असाल तर, तो पट खोटा आहे हे मला दिसलं होतं. पाय घसरला.