हायपोग्लायसीमिया आणि हायपरग्लायसीमिया: अर्थामध्ये फरक काय, उच्चार कसा?

नाशिकला पंचवटीत माझं मेडिकल आहे, रक्तातली साखर कमी होणं (हायपोग्लायसीमिया) आणि जास्त होणं (हायपरग्लायसीमिया) यांतली गल्लत रोज ऐकतो. ग्रीकमध्ये 'हायपो' म्हणजे खाली, 'हायपर' म्हणजे वर. संस्कृतातले 'उप' आणि 'उपरि' ही त्यांचीच चुलत भावंडं. म्हणून 'र' ऐकला की 'उपरि' आठवा: साखर वर. पुढचा भाग गोड आणि रक्त या ग्रीक शब्दांचा. उच्चार ग्लाय-सी-मिया, 'सी' लांब.

फोनवर 'पो' आणि 'पर' ठासून म्हणा. परवा एक मुलगा "आईला हायपर झालंय" म्हणत साखर उतरवणारं इन्सुलिन न्यायला आला. आईला दरदरून घाम, हात थरथरत होते, साखर मोजायच्या मीटरवर ५८. म्हणजे हायपो! ७० च्या खाली हायपोच. माणूस शुद्धीवर असेल तर आधी साखरपाणी द्या, इन्सुलिन अजिबात नाही.