उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकसाठी स्लीपिंग बॅग घेताना
अरे, बॅगेवरचा उणे दहाचा आकडा बघून हुरळू नकोस. लेबलवर कम्फर्ट आणि लिमिट असे दोन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे निवांत झोप लागेल ते तापमान. खरेदी ते बघून कर, लिमिट म्हणजे कशीबशी रात्र काढणं. डिसेंबरात तिथे तंबू बर्फावर लागू शकतो आणि थंडी खालून चढते, कारण बॅगेत भरलेली पिसं अंगाखाली दबली की ऊब धरत नाहीत. म्हणून आधी बॅगेखालच्या मॅटवर पैसे घाल: फोमची खाली, हवेची वर. मी पहिल्यांदा महागडी बॅग नि फडतूस मॅट नेली. रात्रभर कुशी बदलत होतो. तोंड आत घालून झोपू नकोस, श्वासाच्या वाफेने पिसं ओलावतात नि गोळा होतात. बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घे. बूच दोनदा तपास!